सागवानी स्टुडिओ

मला फक्त एक माइक घ्यायचा होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात ही हकिगत हल्ली 'ह्यांनी वीस हजार कपाटात कसे घातले' या नावानं सांगितली जाते आणि तीत माझी बाजू कुणी मांडत नाही.

त्याचं असं झालं, आमच्या बँकेच्या वार्षिक सभेचं सूत्रसंचालन नेहमीप्रमाणे माझ्याकडे होतं. (सहकारी बँक, कारकून, सव्वीस वर्षं, पुढचं विचारू नका.) माझ्याकडे सांगण्यासारखं तसं काही नाही. उंची बेताची, केस त्याहून बेताचे आणि बढती अजून पाहण्यात नाही. पण आवाज आहे. मी नुसतं 'कृपया मोबाइल बंद ठेवावेत' म्हटलं, की सभासद मोबाइलच काय, घोरणंसुद्धा बंद करतात. त्या दिवशी सभा संपल्यावर साउंड सिस्टिमवाली मुलगी माझ्याकडे आली. तिचं नाव राजनंदिनी. कर्वेनगरात तिची छोटी एजन्सी आहे. जाहिराती, सूचना, पुस्तकं असं काय काय ती लोकांच्या आवाजात रेकॉर्ड करून देते.

"काका, काय आवाज आहे हो तुमचा!" ती म्हणाली. (यातला 'काका' मी सोडून दिला आणि उरलेलं वाक्य जपून ठेवलं.) "आम्हाला एक मोठं काम मिळालंय. त्याला असाच आवाज हवाय. जरब असलेला, पण घरातला वाटणारा. शनिवारपर्यंत सँपल पाठवाल?"

"पाठवतो की."

"घरी रेकॉर्ड केलंत तरी चालेल. फक्त क्लीन हवं. मागे कसलाही आवाज नको."

"छे छे! आमच्याकडे कसला आलाय आवाज?" मी म्हणालो. (मी कसबा पेठेत राहतो.)

घरी आल्या आल्या मी कादंबरीला गाठलं. कादंबरी म्हणजे आमची बायको. जवळच्या शाळेत दहा ते एक गणित शिकवते. त्यामुळे माझ्या प्रत्येक बेताचं उत्तर तिला आधीच माहीत असतं. ती फक्त मला पायऱ्या मांडायला लावते.

"माझा आवाज..." मी सुरुवात केली.

"झालं सुरू."

"अगं, या वेळी खरोखरचं काम आहे! एक माइक घेतला की झालं."

तिनं सगळं ऐकून घेतलं, हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या आणि निकाल दिला. "नव्या सोफ्याचे ठेवलेत त्यातले वीस हजार घ्या. वीस म्हणजे वीस. आतली खोलीपण घ्या. पण शनिवारी जमलं नाही, तर सगळं विकून सोफा आणायचा. आणि या घरात 'माझा आवाज' हे दोन शब्द पुन्हा काढायचे नाहीत."

"कधीच?"

"वाढदिवसालासुद्धा नाही."

मी हसून मान्य केलं, पण आतून चरकलो. सव्वीस वर्षं मी लोकांच्या पासबुकात आकडे भरतोय, त्यातला एकही माझा नाही. आवाज तेवढा माझा होता. तो शनिवारी सोफ्याच्या बदल्यात जाणार होता.

कादंबरीचा धाकटा भाऊ पुष्कर धायरीला राहतो, आयटीत आहे आणि हौसेनं गिटार वाजवतो. (निदान तो त्याला वाजवणं म्हणतो.) त्याला विचारलं, तर त्यानं अर्ध्या तासात यादी पाठवली: कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस, मॉनिटरची जोडी, हेडफोन, पॉप फिल्टर, अकूस्टिक पॅनल. खाली लिहिलं होतं, 'एकदम बेसिक, भाऊजी!' मी किमती पाहिल्या. बेरीज एक लाख दहा हजार झाली.

पण सव्वीस वर्षांची कारकुनी काही वाया गेलेली नाही. यादी पैशात बसत नसेल, तर जे कळत नाही ते आधी खोडावं, हा आमचा नियम. 'इंटरफेस' कळला नाही, खोडला. 'अकूस्टिक पॅनल' म्हणजे भिंतीला चिकटवायचा स्पंज, असं चौकशीअंती समजलं. भांड्यांना लावायचा स्पंज भिंतीला कशाला? खोडला. 'मॉनिटर' मात्र बरोबर कळला. बँकेत रोज तोंडासमोर असतो. जोडी कशासाठी, ते जरा कोडंच होतं; पण एकावर आपण काय बोललो ते दिसत असेल आणि दुसऱ्यावर काय बोलायचं राहिलं ते, असं मी ताडलं. सोमवारी संध्याकाळी बुधवार पेठेत जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानातून दोन चांगले एकोणीस इंची मॉनिटर आणले आणि रात्री मोबाइलवरून कंडेन्सर माइक मागवला. साडेसहा हजार. आम्ही दोघं निघण्याच्या गडबडीत असताना, मंगळवारी सकाळी, मी कादंबरीला बजावलं, "दुपारी कंडेन्सर येणार आहे. नीट बघून घे. नाजूक असतो."

संध्याकाळी धावतच घरी आलो.

"आला कंडेन्सर?"

"तुमच्या भरवशावर राहिले असते तर आला असता! मीच फोन केला. आला आणि बसवलासुद्धा."

मी चाटच पडलो. "तू बसवलास?"

"मी कशाला? दशरथनं. दहा मिनिटांत." (दशरथ म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारा इलेक्ट्रिशियन.)

"दशरथला येतं हे?"

"त्यात यायचंय काय? स्टुलावर चढला, जुना काढला, नवा घातला."

"जुना? जुना कुठून आला? आणि स्टुलावर कशाला चढला?"

"मग काय उडत जाणार? पंखा वर असतो."

मी सावकाश वर पाहिलं. पंखा फिरत होता. माझे साडेसहा हजार रुपये छताशी गरगर फिरत असल्याचं मला स्पष्ट दिसलं.

"कादंबरी," मी खोल आवाजात म्हणालो, "तू माझा कंडेन्सर पंख्यात बसवलास?"

"तुमचा कसला? एकशेवीस रुपये मी दिलेत."

"साडेसहा हजारांचा आहे तो!"

"मग तुम्हाला फसवलंय. दशरथ एकशेवीसला देतो."

पंखा बंद करून मी स्वतः स्टुलावर चढलो, तेव्हा उलगडा झाला. तिथे माइक नव्हता, काड्यापेटीएवढी एक पांढरी डबी होती. तिलाही कंडेन्सरच म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं; पण मोठ्या गोष्टींच्या मागे लागलं की माणूस लहान गोष्टी विसरतो. माझा कंडेन्सर दुसऱ्या दिवशी येणार असल्याचा मेसेज मोबाइलवर दुपारपासून पडून होता. एक मात्र कबूल करतो. दोन वर्षं घूंऽऽ करत कण्हणारा तो पंखा आता फिरतोय की नाही हे वर बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

बुधवारी माइक आला. काळाभोर, वजनदार, थर्माकोलच्या गादीत निजलेला. मी त्याला तान्ह्या बाळासारखा बाहेर काढला.

"तो थर्माकोल ओल्या बादलीत टाकलात," कादंबरी म्हणाली. "ओला कचरा कुठला, सुका कुठला, हे कधी कळायचं हो तुम्हाला?"

"तू आधी हा माइक बघ!"

"बघितला. लॅपटॉपला कसा लावणार?"

प्रश्न गणिताच्या बाईंचा होता, म्हणजे योग्यच होता. माइकच्या बुडाशी तीन काड्या होत्या आणि लॅपटॉपला त्या जाव्यात असं भोकच नव्हतं. मी पुष्करला फोन लावला.

"सोपं आहे, भाऊजी. माइक इंटरफेसला लावा, इंटरफेस लॅपटॉपला."

"इंटरफेस मी खोडलाय."

"खोडलाय म्हणजे?"

"यादीतून. पण मॉनिटर आणलेत. दोन. एकोणीस इंची."

मग पुष्कर मऊ आवाजात म्हणाला, "भाऊजी, स्टुडिओत स्पीकरला मॉनिटर म्हणतात."

"मग स्क्रीनला काय म्हणतात?"

"मॉनिटरच."

गुरुवारी दुपारी बँकेतून निसटून दोन्ही मॉनिटर रिक्षात घातले आणि पुन्हा बुधवार पेठ गाठली. दुकानाचे मालक रावसाहेब गल्ल्यावर बसले होते. त्यांनी मला पाहिलं, मॉनिटर पाहिले आणि न बोलता डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"अहो, पण..."

"वाचता येतं ना?"

आता मला राग आला. गेली सव्वीस वर्षं मी वाचण्याशिवाय दुसरं काय केलंय? मी छाती भरून श्वास घेतला आणि सभेच्या आवाजात ती पाटी वाचली: "एकदा विकलेला माल कोणत्याही सबबीवर परत घेतला जाणार नाही. सर्व सबबी आम्हाला पाठ आहेत. रडायचे असल्यास शेजारी चहाचे दुकान आहे."

दुकान एकदम चिडीचूप झालं. चार्जर बदलून मागायला आलेले एक गृहस्थ चार्जर खिशात घालून हळूच बाहेर पडले. एका बाईंनी तर उचललेली वायर पुसून परत जागेवर ठेवली. रावसाहेबांनी चष्मा काढला.

"पुन्हा वाचा बघू."

मी पुन्हा वाचली. या वेळी 'सर्व सबबी' वर जरा जास्त वजन दिलं.

"बावीस वर्षं ही पाटी लावलीय," रावसाहेब म्हणाले, "पण तिच्यात एवढा दम असेल असं वाटलं नव्हतं. हे मोबाइलवर म्हणून द्याल का? कुणी माल परत आणला की नुसतं बटण दाबायचं."

मी म्हणून दिलं. रावसाहेबांनी आतून एक वापरलेला इंटरफेस आणला, त्यावरची धूळ फुंकली, वर एक हेडफोन ठेवला, किमतीतला फरक मोजून घेतला आणि दोन्ही मॉनिटर ठेवून घेतले. बावीस वर्षांत त्या दुकानात परत घेतला गेलेला तो पहिला माल. तोही परत न घेण्याची पाटी वाचून! रिक्षात मी ताठ बसून घरी आलो. रिक्षावाल्याला 'डावीकडे घ्या' म्हणालो तेसुद्धा जरा घोळवूनच.

शुक्रवारी रजा टाकली. राजनंदिनीनं दोन कागद पाठवले होते. एक ललित उतारा, नदीकाठच्या पहाटेचा. आणि दुसरी कुठलीशी सार्वजनिक सूचना. मला अर्थातच पहाटेत रस होता. पुष्करनं फोनवरून लॅपटॉपवर सगळं जोडून दिलं, कादंबरीनं भरतकामाच्या रिंगवर जुना मोजा ताणून तोंडातली फुंकर अडवणारा पॉप फिल्टर करून दिला (खर्च शून्य, तसं तिनं दोनदा सांगितलं), आणि मी आतल्या खोलीचं दार लावून पहाट वाचली. मग हेडफोन घालून ऐकली.

पहाट झाली होती, ठण्. नदीवर धुकं, ठण् ठण्, पसरलं होतं.

आमच्या घराच्या पाठीमागे तांबट आळी आहे. तिथे तांब्याची भांडी दिवसभर ठोकून घडवतात. इतक्या वर्षांत ते ठोके मला ऐकू यायचेच बंद झाले होते. माइकला मात्र ते आले, आणि शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आल्या, आणि खाली कुणीतरी कुणाला तरी 'गाडी तुझ्या बापानं काढायची का' असं विचारत होतं तेही अगदी स्वच्छ आलं. टाचणी पडली तरी टिपतो, असं त्या माइकच्या जाहिरातीत लिहिलं होतं. ते खरं होतं. पण कसबा पेठेत टाचण्या पडत नाहीत, घंगाळं पडतात. मी पहाट आठ वेळा वाचली. आठव्या वेळी ऐकलं, तर मी ठोक्यांच्या तालावर वाचायला लागलो होतो आणि एकंदरीत कीर्तन रंगात आलं होतं.

"अकूस्टिक पॅनल लावा, भाऊजी," पुष्कर म्हणाला. "बारा हजारांत होतील."

माझ्याकडे नऊशे उरले होते. मी बाहेर येऊन जुन्या सोफ्यावर, स्प्रिंग टोचत नाही त्या कोपऱ्यात बसलो. थट्टा नाही, मला खरोखर रडू येत होतं. पैशाचं दुःख नव्हतं. पन्नाशीला आलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं होतं की तुझ्यातलं काहीतरी आम्हाला हवंय, आणि ते घरातून बाहेर नेताच येत नव्हतं.

कादंबरी दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "कपाटात जाऊन बोला."

"टोमणे उद्या मार. आज नको."

"टोमणा नाही मारत. माझ्या साड्यांच्या कपाटात जा, दार ओढून घ्या आणि बोला. आत काही ऐकू येत नाही आणि बाहेरही काही येत नाही."

"तुला काय माहीत?"

"अठरा वर्षं मी नीरजाशी फोनवर तुमच्याबद्दल बोलते," ती म्हणाली. नीरजा म्हणजे तिची बहीण. "रोज. कपाटात डोकं घालून. एक शब्द तरी ऐकू आलाय तुम्हाला?"

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हता आला. "मला वाटायचं तू साडी शोधतेस."

"रोज वीस मिनिटं? आणि शाळेत जाते ड्रेस घालून?"

"काय बोलता तुम्ही माझ्याबद्दल?"

"ते तुम्हाला कळू नये म्हणून तर कपाट," ती म्हणाली आणि खालच्या गोधड्या सरकवून माझ्यासाठी स्टूल ठेवायला गेली.

ते कपाट तिच्या माहेरचं. अस्सल सागवानी, सहा फूट उंच, दार असं जाड की कडी लावायला खांदा लागतो. शनिवारी सकाळी मी त्यात शिरलो. दोन्ही बाजूंना साड्या, पाठीशी गोधड्यांची चळत, समोर मोज्याचा पॉप फिल्टर, डोक्याशी डांबरगोळ्या. दार बोटभर फटीपुरतं उघडं ठेवलं होतं, वायरी जायला आणि मला श्वास यायला. त्या फटीतून पंख्याचा वारा येत होता आणि पंख्याचा आवाज येत नव्हता. दोन्ही कंडेन्सर एकाच वेळी कामाला लागले होते, आणि खरं सांगतो, एकशेवीसवाल्यानं माझा जीव वाचवला.

मी पहाट वाचली. मग सूचना वाचली. तिच्या अर्थाकडे मी लक्ष दिलं नाही, सगळं लक्ष आवाजाकडे दिलं. मध्येच एक नारायणपेठी साडी घसरून माझ्या डोक्यावर आली, पण मी थांबलो नाही. डोक्यावर पदर घेऊनच शेवटचं वाक्य म्हटलं. नंतर कळलं, की तेवढ्यात दशरथ येऊन गेला होता.

"साहेब आहेत का?" त्यानं विचारलं होतं.

"आहेत. कपाटात."

"बरं, बरं. पंखा कसा चाललाय?"

"मस्त."

"मग झालं," म्हणून तो गेला. कसब्यात माणसं उगाच चौकशा करत नाहीत.

हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा मला माझाच आवाज ओळखू येईना. ठोका नाही, शिट्टी नाही, काही नाही. नुसता मी. कादंबरीनं एक बाजू स्वतःच्या कानाला लावली, शेवटपर्यंत ऐकलं आणि चूक सापडत नसलेल्या वहीकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. "चांगलं झालंय हो," ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावरची साडी काढण्याआधी तिनं नीरजासाठी एक फोटो घेतला.

सोमवारी दुपारी राजनंदिनीचा फोन आला. "काका, सिलेक्टेड! अकरा जणांमधून! स्टुडिओ कुठला वापरलात?"

"घरचाच आहे," मी म्हणालो. "सागवानी."

"सँपल इतकं क्लीन आहे की आम्ही तेच फायनल वापरतोय. पुढच्या महिन्यापासून तुमचा आवाज घराघरात!"

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. घराघरात! बँकेत मी पेढे वाटले. मॅनेजरसाहेबांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उभं राहून हात मिळवला. "रेडिओ का?" सगळ्यांनी विचारलं. मी नुसता हसलो. मानधन नव्या सोफ्याला पुरून उरणारं होतं. संध्याकाळी कादंबरीनं शब्द पाळला. "म्हणा, काय म्हणायचं ते," ती म्हणाली. मी जेवणापूर्वी अकरा वेळा आणि ताक पिताना दोनदा 'माझा आवाज' म्हटलं. तिनं एकदाही अडवलं नाही. शेवटच्या वेळी तर हसलीसुद्धा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो. गल्लीच्या तोंडाकडून आवाज आला. भरदार, घोळदार, जरब असलेला पण घरातला वाटणारा.

"नागरिकांनो! ओला कचरा आणि सुका कचरा वेगवेगळा द्यावा. एकत्र केलेला कचरा स्वीकारला जाणार नाही."

माझ्या हातातलं रेझर थांबलं. मी तसाच, अर्ध्या गालाला फेस, खिडकीत धावलो. कचऱ्याची गाडी सावकाश येत होती आणि तिच्या टपावरच्या भोंग्यातून मी बोलत होतो. दुसरा कागद! मी ज्याच्या अर्थाकडे बघितलंसुद्धा नव्हतं तो!

क्षणभर वाईट वाटलं. पण मग पाहिलं, तर दारं उघडत होती. माणसं बादल्या घेऊन लगबगीनं खाली उतरत होती. कालपर्यंत गाडी निघून गेल्यावर आळस देत येणारे लोक माझ्या एका वाक्यावर धावत होते. आणि सांगितलं तर खोटं वाटेल, तांबट आळीतले ठोके थांबले. हातोड्या खाली ठेवून तीही मंडळी कचरा घेऊन निघाली होती. ज्यांनी माझी पहाट बुडवली, त्यांना मी गप्प केलं होतं! माझा ऊर भरून आला.

"कादंबरी, ऐकतेस? माझा आवाज!"

"ऐकतेय. खणखणीत आलाय," ती म्हणाली आणि दोन्ही बादल्या माझ्या हातात दिल्या. "आता चला, तुम्ही खाली बोलावताय."

मी अभिमानानं खाली गेलो. गाडीवर कचरा घेणाऱ्या द्वारकाबाई होत्या. त्यांनी माझ्या ओल्या बादलीत पाहिलं. वर माइकच्या खोक्यातला उरलेला, काल आवरताना टाकलेला थर्माकोलचा तुकडा होता. मग सुकीत पाहिलं. तिच्यात पेढ्यांच्या खोक्यावर केळीची सालं होती.

"अवो दादा, ह्ये काय?" त्या म्हणाल्या. "त्यो मानूस सकाळधरनं घसा फोडून सांगतोय वर. जरा ऐकत चला की!"

आजूबाजूला दहा-बारा जण उभे होते. आता घरच्या परवानगीनिशी बोलायला हरकत नव्हती. मी छाती पुढे काढली. "बाई, तो माझा आवाज आहे."

द्वारकाबाईंनी भोंग्याकडे पाहिलं, माझ्या फेसाळलेल्या गालाकडे पाहिलं आणि मग पुन्हा बादलीत पाहिलं.

"काय बी सांगता," त्या म्हणाल्या. "त्या मानसाला ओलं-सुकं कळतंय."